बिल इव्हान्सचा व्हिलेज व्हॅनगार्ड संच : सात महिने ऐकल्यावर

तीन सीडींचा हा संच घेतला तेव्हा माझ्या डोक्यात जाझ पियानोवादक बिल इव्हान्सच्या वाजवण्यापेक्षा त्याची शोकांतिकाच जास्त होती. हेरॉइन, पुढे कोकेन, भावाची आत्महत्या, १९८० मध्ये ५१व्या वर्षी मृत्यू. प्रत्येक सुरात दुःख शोधतच ऐकायचो.

दोनेक महिन्यांनी ते सुटलं. कारण त्याचा साथीदार स्कॉट लाफारो याचा डबल बेस, म्हणजे उभं धरून वाजवायचं ते खर्जातलं मोठं तंतुवाद्य.

२५ जून १९६१, रविवार. न्यूयॉर्कच्या व्हिलेज व्हॅनगार्ड या तळघरातल्या क्लबात दुपारी दोन आणि रात्री तीन अशा पाच बैठका झाल्या, त्या इथे वाजवल्या त्याच क्रमाने आहेत. पहिलंच ‘ग्लोरियाज स्टेप’ वीज गेल्यामुळे मध्येच तुटतं, तेही तसंच ठेवलंय. ग्लासांची किणकिण, लोकांचं हसणं, गप्पा. सुरुवातीला मला याचा राग यायचा. आता ते नसेल तर खोली रिकामी वाटेल.

हेडफोन लावून ऐका, स्पीकरवर अर्धी मजा जाते. लाफारो नुसता ठेका धरून चालत नाही, पियानोला उलट बोलतो, मध्येच वाक्य तोडतो. आणि इव्हान्स त्याला जागा देतो. आपल्याकडे साथीदाराला अशी मोकळीक देणारा गवई विरळाच. ड्रमवाल्या पॉल मोशनचे ड्रमवर फिरणारे ब्रश तर मला चौथ्या महिन्यात कुठे नीट ऐकू यायला लागले.

‘ऑल ऑफ यू’ तीनदा येतं. नव्या माणसाला कंटाळा येऊ शकतो; त्याने आधी याच रविवारातला ‘वॉल्ट्झ फॉर डेबी’ हा एकच अल्बम घ्यावा. संचाची घडी माझ्याकडे कडेला उसवलीय, पण सीडी ठणठणीत आहेत.

६ जुलैला लाफारो मोटार अपघातात गेला. वय २५. इव्हान्सने कित्येक महिने वाजवणं थांबवलं. या रविवारातला पहिला अल्बम, ‘संडे ॲट द व्हिलेज व्हॅनगार्ड’, निवडताना त्याने आणि निर्माते ऑरिन कीपन्यूज यांनी बेस उठून दिसेल असेच तुकडे घेतले. सुरुवात आणि शेवट, दोन्ही लाफारोच्या रचना. पियानोवाला स्वतःच्या अल्बममध्ये मागे सरकून बसला. हे कळल्यावर मी संच पुन्हा पहिल्यापासून लावला.

शेवटाकडचं ‘जेड व्हिजन्स’ त्यांनी लागोपाठ दोनदा वाजवलंय. मी दोन्ही ऐकतो, दिवा मालवून.