बोगोताचं सुवर्ण संग्रहालय: वजन विसरा, घडणावळ बघा

सोनारकाम हा आमचा पिढीजात धंदा. दागिना समोर आला की पहिला प्रश्न 'किती तोळे?' आणि दुसरा 'डाग (म्हणजे सांधा) कुठे दिलाय?'. कोलंबियाच्या राजधानीतलं 'मुसेओ देल ओरो' बघताना पहिला प्रश्न लवकरच मागे पडला. दुसऱ्याने शेवटपर्यंत पिच्छा सोडला नाही.

संग्रहालय देशाच्या मध्यवर्ती बँकेचं आहे, सांतांदेर बागेला लागून. इमारत १९६८ची, आतली मांडणी २००८मध्ये नव्याने केलेली. सोन्याचे आणि सोनं-तांब्याच्या मिश्रधातूचे मिळून सुमारे ३४ हजार नग बँकेकडे आहेत. सुरुवात झाली १९३९मध्ये, बँकेने विकत घेतलेल्या, किंबाया ह्या इथल्या जुन्या जमातीच्या एका सोन्याच्या भांड्यापासून. त्याला 'पोपोरो' म्हणतात. कोकाची पानं चघळताना सोबत लागणारा शिंपल्यांचा चुना त्यात ठेवायचे. थोडक्यात, चुन्याची डबी. फक्त ही ७७७ ग्रॅमची, म्हणजे सहासष्ट तोळ्यांच्या वर! कोलंबियातल्याच सिएरा नेवादाच्या डोंगरातले कोगी आणि अरुआको जमातींचे पुरुष आजही पोपोरो जवळ बाळगतात, पण भोपळ्याचा.

धातुकामाच्या दालनाला मात्र भरपूर वेळ द्या. मेणाचा नमुना करायचा, त्यावर माती आणि कोळशाचा लेप चढवायचा, तापवून मेण वितळवून काढायचं, पोकळीत धातू ओतायचा आणि शेवटी साचा फोडायचा. पद्धत आपल्याही ओळखीची. पण स्पॅनिश लोक येण्याआधीच्या इथल्या कारागिरांनी ती कुठवर नेली ते सेनू लोकांच्या कर्णभूषणांत बघा. अर्धवर्तुळाकार, नाजूक जाळीची. कोणीही शपथेवर सांगेल की हे तारकाम आहे. प्रत्यक्षात तार ओढली होती ती मेणाची, आणि सगळी जाळी एकाच ओतात उतरवली. डाग नाहीच! मी काचेला नाक लावून उभा होतो. शेवटी बायको पुढच्या दालनात निघून गेली.

मग तुंबागा, म्हणजे तो सोनं-तांब्याचा मिश्रधातू. सोन्यात तांबं मिसळलं की ते कमी उष्णतेला वितळतं, साच्यात नीट पसरतं आणि नग कणखर होतो. पुढची करामत अशी की नग तापवायचा, वर आलेलं काळं तांबं वनस्पतींच्या आंबट रसाने काढून टाकायचं, पुन्हा तापवायचं. असं करत करत पृष्ठभागावर सोनंच उरतं. वरून मुलामा न चढवता, आतलंच सोनं वर आणलेलं. कसोटीवर लावून आम्ही ज्याला हिणकस म्हणून बाजूला सारू, त्यातून ही चमक काढली आहे. पॅसिफिक किनाऱ्यावरच्या तुमाकोच्या कारागिरांनी तर प्लॅटिनमही वापरलं. ते वितळवण्याइतकी आच त्यांच्याकडे नव्हती. म्हणून प्लॅटिनमचे कण सोन्यात मिसळून तापवायचे. सोनं वितळून कण धरून ठेवायचं, मग ठोकायचं, पुन्हा तापवायचं. युरोपला हा धातू धड हाताळता आला तो अठराव्या शतकात.

प्रांतवार दालनं मला जास्त वाटली. छातीवरचे पत्रे, बेडूक, पक्षी, वटवाघूळ-माणसं. काही वेळाने डोळे बधिर होतात. कालिमा प्रांताच्या दालनात मात्र रेंगाळा. तोंड झाकून टाकणारे नाकातले दागिने आहेत, वर लोंबते पत्रे, चालताना किणकिणावेत आणि चमकावेत म्हणून. बायकोने विचारलं, "जेवताना काय करत असतील?" मी म्हटलं, काढून ठेवत असतील.

ज्याच्यासाठी सगळे येतात तो मुइस्का लोकांनी घडवलेला सोन्याचा छोटा तराफा जेमतेम साडेएकोणीस सेंटिमीटर लांब आहे. १९६९मध्ये पास्का गावाजवळच्या गुहेत, मातीच्या भांड्यात शेतकऱ्यांना सापडला. मधे मोठा सरदार, भोवती छोटी माणसं. अंगाला सोन्याची पूड फासलेला नवा राजा ग्वाताविता सरोवरात सोनं आणि पाचू अर्पण करायचा, त्या विधीचं हे रूप मानतात. 'एल दोरादो'ची, म्हणजे सोन्याने मढलेल्या राजाच्या शोधाची, सगळी धावपळ ह्याच कथेमागची. गंमत म्हणजे मुइस्कांच्या पठारावर सोन्याच्या खाणी नव्हत्याच. मीठ, पाचू आणि सुती कापड देऊन ते सोनं बाहेरून आणायचे.

शेजारी त्यांचे 'तुंखो' ठेवलेत, देवाला वाहायच्या चपट्या मूर्ती. ओतल्यावर ना घासल्या, ना रेतल्या. कडेचे खडबडीत तुकडे तसेच. आमच्या वडिलांनी असा नग दुकानाबाहेर जाऊ दिला नसता. पण हे गिऱ्हाइकासाठी नव्हतंच, पाण्यात किंवा जमिनीत जायचं होतं.

अर्पणाच्या गोल दालनात अंधार करतात, मंत्रगान सुरू होतं आणि सोनं हळूहळू उजळतं. बायकोला फार आवडलं. मला तिथे स्थिर दिवा आणि एक भिंग दिलं असतं तर जास्त बरं झालं असतं.

किंबायांचा सगळ्यात नावाजलेला खजिना मात्र इथे शोधू नका. त्याचे १२२ नग माद्रिदला आहेत. १८९३मध्ये कोलंबियाच्या सरकारने ते स्पेनच्या राणीला भेट देऊन टाकले. २०१७मध्ये इथल्या घटना न्यायालयाने ते परत मागा असा आदेश सरकारला दिला. भेट दिलेला दागिना परत मागणं किती अवघड, हे कुठल्याही सोनाराला विचारा.

सोमवारी बंद. रविवारी प्रवेश फुकट, म्हणून गर्दी. इतर दिवशी सकाळी जा. माहितीफलक स्पॅनिश आणि इंग्रजीत आहेत. ट्रान्समिलेनिओ ह्या शहर बससेवेच्या थांब्याचं नावच 'मुसेओ देल ओरो' आहे, चुकायचं कारण नाही. शहर २,६०० मीटर उंचीवर आहे, जिने सावकाश चढा. बाहेर पडल्यावर हिमेनेस रस्त्याच्या बाजूला कागदाच्या पुड्या उघडून पाचू दाखवणारे दलाल भेटतील. बघा, गप्पा मारा. पारख नसेल तर पाकीट उघडू नका.