जुना एसी दुरुस्त करावा की बदलावा: खान्देशातल्या दुपारच्या कसोटीवर

दहा-बारा वर्षे वापरलेला दीड टनाचा साधा स्प्लिट एसी दुरुस्त करून आणखी एक उन्हाळा काढावा की नवा इन्व्हर्टर एसी (गरजेप्रमाणे कॉम्प्रेसरचा वेग कमी-जास्त करणारा) घ्यावा, याचे उत्तर जळगाव-भुसावळकडे पुण्यासारखे देता येत नाही. एसीची क्षमता बाहेर ३५ अंश तापमान धरून ठरवलेली असते. आपल्याकडे मे महिन्यात पारा ४५च्या आसपास जातो, आणि पश्चिमेच्या भिंतीवरच्या आउटडोअरभोवतीची (एसीच्या बाहेर बसवलेल्या भागाभोवतीची) हवा त्याहूनही तापलेली असते. दीड टनाचा एसी त्या वेळी दीड टनाचा राहत नाही.

जुन्याच्या बाजूने बोलण्यासारखे बरेच आहे. कपॅसिटर (मोटर सुरू करायला मदत करणारा छोटा भाग) किंवा पंख्याची मोटर तालुक्याच्या गावीही सहज मिळते आणि साधा मेकॅनिकही ती बदलून देतो. उलट इन्व्हर्टर एसीचा पीसीबी, म्हणजे आतला इलेक्ट्रॉनिक बोर्ड, विजेच्या चढउताराने गेला, तर खर्च आणि वाट पाहणे दोन्ही वाढते. एसी फक्त रात्री लावणाऱ्यांनी घाई करण्याचे कारण मला दिसत नाही.

आमच्या जुन्या एसीचीही रात्रीची तक्रार नव्हतीच. दुपारी एक-दीडच्या सुमारास मात्र कॉम्प्रेसर तापून ट्रिप होई. आतला पंखा चालूच राहत असल्यामुळे एसी बंद पडल्याचे लगेच लक्षात येत नसे. खोलीत घुसमटायला लागले की मगच कळे. पुन्हा सुरू होण्यासाठी कॉम्प्रेसर आधी निवावा लागतो, आणि त्या उन्हात तो लवकर निवत नाही. आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, माहेरवाशिणी आणि त्यांची मुले घरात असताना नेमका हाच प्रकार चाले. कॉइल धुतली, कपॅसिटर बदलला, स्टॅबिलायझर तपासला, आउटडोअरवर सावली केली, तरी भर दुपारचे बंद पडणे थांबले नाही. पुढचा उपाय कॉम्प्रेसर बदलण्याचा होता, आणि तिथे माझे मन नव्या एसीकडे झुकले.

त्यामागे गॅसचेही कारण होते. त्या काळातल्या अनेक यंत्रांप्रमाणे आमच्यातही थंडाव्यासाठी आर-२२ हा गॅस होता, आणि ओझोन थर वाचवण्यासाठीच्या मॉन्ट्रियल करारानुसार तो टप्प्याटप्प्याने बंद होत आहे. नव्या उपकरणांच्या निर्मितीतला त्याचा वापर भारतात २०२४अखेर थांबवण्यात आला. हल्लीचा आर-३२ बराच जास्त दाबाचा आणि काहीसा ज्वलनशील असल्याने जुन्या यंत्रात भरता येत नाही. शिवाय दरवर्षी गॅस भरावा लागत असेल, तर तो संपत नसून कुठेतरी गळत असतो, हे मेकॅनिक क्वचितच सांगतात.

नवा इन्व्हर्टरही ४५ अंशांत पूर्ण ताकदीने चालतो असे मी म्हणणार नाही. फार तापल्यावर तोही वेग कमी करतो आणि थंडावा थोडा उतरतो. पण माझ्या अनुभवात तो दुपारी पूर्णपणे थांबलेला नाही, आणि मला तेवढेच हवे होते. वीजबिलही कमी आले, अर्थात ते वापरावर अवलंबून आहे. तुलना करताना जुन्या स्टिकरवरचे वीजबचतीचे तारे जसेच्या तसे धरू नयेत, कारण जुलै २०२२मध्ये निकष कडक होऊन तेव्हाचा पंचतारांकित एसी चार ताऱ्यांवर आला. सप्टेंबर २०२५मध्ये जीएसटी २८वरून १८ टक्के झाल्याने किमतीचे ओझेही थोडे हलके झाले आहे.

जुना एसी मार्चअखेरच्या एखाद्या दुपारी सलग तीन-चार तास चालवून पाहावा. स्वच्छ करूनही तो तेव्हाच ट्रिप होत असेल, तर कॉम्प्रेसरवर खर्च करू नये, असे मला वाटते. आणि नवा बसवताना आउटडोअर शक्यतो उत्तरेच्या भिंतीवर घ्यावा.