एएफओ, सात महिन्यांनंतर: सगळं अडतं ते घोट्याच्या पट्ट्यावर

पक्षाघातानंतर चालताना पाऊल लोंबतं, त्यासाठी मापाने बनवलेला, सांधा नसलेला प्लास्टिकचा एएफओ, म्हणजे घोटा आणि पाऊल धरून ठेवणारा आधार. वापर सात महिने, रोज. सहाव्या महिन्यात घोट्याच्या पट्ट्याचं वेल्क्रो सुटायला लागलं. दुरुस्तीला नेला तर नवाच करून घ्या म्हणाले. संताप येतो, कारण बिघाड फक्त पट्ट्याचा होता.

पट्टा ढिला पडला की टाच वर सरकते. मग पाऊल आतल्या आत झुकतं, चवडा जमिनीला घासतो आणि घोट्याच्या हाडावर लाल चट्टा उठतो. घरचे म्हणतात, "टोचतोय," आणि एएफओ कपाटात जातो.

घालताना खुर्चीत बसून गुडघा काटकोनात वाकवा. गुडघा सरळ असला की पोटरी ताणलेली राहते आणि टाच बसत नाही. टाच मागे दाबून आधी घोट्याचा पट्टा, मग पोटरीचा. वेल्क्रोच्या हुकांत मोज्याचे धागे अडकतात, ते आठवड्यातून एकदा जुन्या टूथब्रशने काढा. एका हाताने लावायचा असेल तर रिंगेतून ओढून उलटा चिकटणारा पट्टा घ्या. रिंग बाहेरच्या बाजूला बसवा, म्हणजे ओढ आतल्या बाजूला, चांगल्या हाताकडे येते.

एएफओने स्नायू आळशी होतात, असं पहिल्या महिन्यात वाटत होतं. ते मत बदललं. पाऊल अडखळत नाही म्हणून पेशंट जास्त चालतो, आणि चालण्याचा सराव हीच तर थेरपी. मात्र ही सुधारणा बहुतांशी घातलेल्या वेळेपुरतीच. पाऊल वर उचलण्याचा व्यायाम रोज वेगळा करावाच लागतो. शिवाय नडगी पुढे झुकत नसल्याने खुर्चीतून उठणं आणि जिना उतरणं अवघड जातं. घोट्यात थोडी ताकद परतली असेल तर सांध्याच्या एएफओबद्दल फिजिओथेरपिस्टला विचारा.

सुरुवात एक-दोन तासांनी करा. काढल्यावर कातडी डोळ्यांनी तपासा, कारण संवेदना कमी असेल तर पेशंटला टोचलेलं कळत नाही. लाल खूण अर्ध्या तासात गेली नाही तर ऑर्थोटिस्टकडून, म्हणजे एएफओ बनवणाऱ्याकडून, कड घासून घ्या. वरची कड गुडघ्याखालच्या बाहेरच्या हाडाच्या गाठीवर येता कामा नये. तिथली नस दबली तर पाऊल आणखी पडतं. बुटाच्या टाचेची उंचीही बदलू नका, गुडघा पुढे-मागे ढकलला जातो.

आणि घोट्याचे दोन जादा पट्टे पहिल्याच दिवशी मागून घ्या.