ओलेड घ्यायचा की मिनी एलईडी? पिक्चर आणि गेमिंगवाल्यांसाठी, मुंबईच्या घराच्या हिशोबाने

पूर्वी टीव्ही घेताना हाच प्रश्न प्लाझ्मा की एलसीडी असा असायचा आणि पिक्चरचं वेड असलेली माणसं डोळे मिटून प्लाझ्मा सांगायची. पॅनासोनिकने २०१३ च्या ऑक्टोबरमध्ये प्लाझ्मा बंद करणार म्हणून जाहीर केलं, २०१४ मध्ये सॅमसंग आणि एलजीनेही गाशा गुंडाळला, त्यामुळे आज कोणी सेकंडहँड प्लाझ्मा स्वस्तात देतोय म्हणून मोह होत असेल तर माझं उत्तर सरळ नाही असंच आहे. पॅनेल गेलं तर पार्ट कुठून आणणार, फोरके नाही, एचडीआर (उजेड-काळोखाची मोठी रेंज दाखवणं) नाही, वीज खातो ते वेगळंच. पण भांडण तेच राहिलंय, नावं बदललीत. एका बाजूला स्वतः उजेड देणारे पिक्सेल, म्हणजे ओलेड, आणि दुसऱ्या बाजूला मागून लाइट मारलेला एलसीडी, ज्याचं आजचं सगळ्यात चांगलं रूप म्हणजे मिनी एलईडी. क्यूएलईडी, क्यूएनईडी वगैरे जे काही बॉक्सवर लिहिलेलं असतं ते सगळं एलसीडीच बरं का, शोरूमला गेलात की हे आधी डोक्यात ठेवा.

दोन्हीमध्ये मूळ फरक काय तर ओलेडमध्ये फोरकेचे जे जवळजवळ ८३ लाख पिक्सेल असतात त्यातला प्रत्येक स्वतः पेटतो आणि स्वतः विझतो. मिनी एलईडीत मागे हजारो बारीक एलईडी असतात पण ते झोनमध्ये वाटलेले, शंभर दोनशेपासून ते काही हजारांपर्यंत, म्हणजे एका झोनच्या पुढे हजारो पिक्सेल येतात आणि त्या सगळ्यांना एकच लाइट. हे कागदावर किरकोळ वाटतं, पण रात्री दिवे घालवून एखादा काळोखा पिक्चर लावा आणि खाली सबटायटल येऊ द्या. ओलेडवर पांढरी अक्षरं आणि आजूबाजूला मिट्ट काळं, संपलं. मिनी एलईडीवर त्या अक्षरांभोवती धुरकट पांढुरकी किनार दिसते, सबटायटल गेलं की ती जाते, पुढचं आलं की परत येते, आणि वरच्या खालच्या काळ्या पट्ट्या काळ्या न राहता राखाडी होतात. एकदा डोळ्याला ते दिसायला लागलं की दिसतच राहतं. झोन जास्त असतील तर कमी दिसतं, महागड्या मॉडेलवर बऱ्यापैकी आटोक्यात असतं, पण शून्य होत नाही.

म्हणून फक्त रात्री पिक्चर बघणार असाल, खोली काळोखी करता येत असेल, तर मी दुसरा विचारही करणार नाही, ओलेड.

पण मुंबईत किती जणांकडे फक्त पिक्चरसाठी वेगळी खोली आहे? टीव्ही हॉलमध्येच असतो आणि हॉलची खिडकी पश्चिमेला असली तर दुपारी तीननंतर ऊन थेट स्क्रीनवर. इथे मिनी एलईडी खरंच बाजी मारतो कारण त्याचा पूर्ण स्क्रीनचा ब्राइटनेस ओलेडपेक्षा बराच जास्त असतो. दुपारची मॅच लागलीय, अख्खं हिरवं मैदान आणि पांढरे कपडे, अशा वेळी ओलेड स्वतःला सांभाळायला ब्राइटनेस खाली आणतो आणि चित्र थोडं मंद वाटतं. क्यूडी-ओलेड म्हणून जे पॅनेल २०२२ पासून सॅमसंग आणि सोनीच्या काही मॉडेलमध्ये येतं त्याचे रंग अफलातून आहेत, पण भर उजेडात त्याचं काळं जरा जांभळट दिसतं, त्यामुळे उजेडाच्या हॉलसाठी ते मी तरी घेणार नाही. जाड पडदे लावणार असाल तर गोष्ट वेगळी.

एक गोष्ट मात्र हॉलमध्येही ओलेडच्या बाजूने जाते ती म्हणजे बाजूने बघणं. आपल्याकडे सोफा समोर आणि दिवाण भिंतीला आडवा, आजी कायम दिवाणावर. बरेचसे मिनी एलईडी व्हीए पॅनेलचे (एलसीडीचाच एक प्रकार) असतात, बाजूने बघितलं की रंग फिके पडतात. ओलेडला तो त्रास जवळजवळ नाही.

आता गेमिंग. पीएस५ किंवा एक्सबॉक्स सिरीज एक्ससारखा कन्सोल असेल तर फोरके १२० हर्ट्झ (सेकंदाला १२० चित्रं), व्हीआरआर (गेमच्या वेगाप्रमाणे टीव्हीने आपला वेग बदलणं) आणि एएलएलएम (गेम लागला की आपोआप गेम मोड) या तीन गोष्टी टीव्हीत पाहिजेतच. ओलेडचा पिक्सेल रंग बदलायला मिलीसेकंदाचा अगदी छोटा अंश घेतो, एलसीडीला काही मिलीसेकंद लागतात, आणि रेसिंग किंवा फुटबॉल खेळताना कॅमेरा गर्रकन फिरला की तो फरक डोळ्याला सरळ कळतो, ओलेडवर कडा स्वच्छ राहतात, एलसीडीवर मागे शेपूट राहतं. गंमत म्हणजे याच वेगामुळे सेकंदाला २४ फ्रेमचा पिक्चर ओलेडवर कॅमेरा हळू बाजूला सरकताना अडखळल्यासारखा वाटतो, काही लोकांना ते खूप खटकतं, मग मोशन सेटिंग (हालचाल गुळगुळीत करणारं) अगदी एक दोन पॉइंट ठेवायचं, फुल नाही, नाहीतर पिक्चरची सिरियल होते.

गेमिंगमध्ये फसवणूक होते ती स्पेसिफिकेशनमध्ये. स्वस्तातल्या काही टीव्हींवर १२० हर्ट्झ लिहिलेलं असतं पण पॅनेल असतं ६० चं, आणि डीएलजी नावाच्या युक्तीने रिझोल्यूशन कमी करून १२० दाखवतात. सेल्समनला एकच विचारा, नेटिव्ह पॅनेल किती हर्ट्झचं? पोर्टसुद्धा बघा, बऱ्याच टीव्हींवर एचडीएमआय २.१ चे (फोरके १२० हर्ट्झ घेणारे) दोनच पोर्ट असतात आणि त्यातला एक ईएआरसीचा (साउंडबारला आवाज देणारा), म्हणजे साउंडबार त्यात गेला की कन्सोलला एकच उरतो. एलजीच्या सी सिरीजला चारही २.१ असतात, दोन कन्सोल आणि पीसी असलेल्यांना ते फार सोयीचं. सॅमसंगमध्ये डॉल्बी व्हिजन (एचडीआरचाच एक प्रकार) नाही, पीएस५ गेममध्ये तसंही ते देत नाही पण एक्सबॉक्सवाल्यांनी आणि ओटीटीवर पिक्चर बघणाऱ्यांनी लक्षात घ्या.

आता ज्याची सगळ्यांना धास्ती ते बर्न-इन. खरंय ते, अफवा नाही. ओलेडचं मटेरियल वापराने झिजतं, एकाच जागी तेच चित्र तासन्‌तास राहिलं की तिथे जास्त झिजतं. तुम्ही रात्री वेगवेगळे गेम दोन तास खेळणार असाल तर मला काळजी वाटत नाही. पण दिवसभर घरी आईबाबा असतील, सकाळी दहापासून न्यूज चॅनेल चालू, खाली लाल ब्रेकिंगची पट्टी, कोपऱ्यात लोगो, संध्याकाळी सिरियल त्याच चॅनेलच्या लोगोसकट, तर त्या घरात मी ओलेड नेणार नाही. आणि त्यांना चॅनेल बदला, ब्राइटनेस कमी करा असं रोज सांगायचं हे मला पटत नाही, टीव्ही घरातल्यांसाठी आहे.

याच्याशीच जोडलेली एक सवय. आपल्याकडे झोपताना टीव्हीचं भिंतीवरचं बटण बंद करतात. ओलेड साधारण चार तास चालून झाला की नंतर स्टँडबायमध्ये असताना स्वतःची पॅनेल दुरुस्ती करून घेतो, बटण बंद केलं तर ती होतच नाही. ओलेड घेतलात तर रिमोटने बंद करायचं आणि बटण चालूच ठेवायचं, हे घरातल्या प्रत्येकाला पहिल्याच दिवशी सांगा.

साइजचं म्हणाल तर ५५ इंच टीव्ही साधारण १२३ सेंटीमीटर रुंद आणि ६५ इंच १४५ च्या आसपास. सात फुटांवरून बघणार असाल तर ५५ छान, आठ साडेआठला ६५. छोट्या बेडरूमसाठी ओलेड ४२ आणि ४८ मध्ये मिळतो, गेमिंगला बेस्ट, तेवढ्या साइजमध्ये त्या तोडीचा मिनी एलईडी शोधायला गेलात तर फार काही हाती लागत नाही. उलट ७५ आणि ८५ ला गेलात की मिनी एलईडी पैशाच्या मानाने खूप पुढे, तिथे ओलेडची किंमत बघून घेरी येते. आणि जुन्या बिल्डिंगमध्ये राहत असाल तर बुकिंगच्या आधी लिफ्ट मोजा, हे पॅनेल आडवं करून न्यायचं नसतं, उभंच न्यावं लागतं, जिन्याचं वळणसुद्धा बघून ठेवा. २२ सप्टेंबर २०२५ पासून ३२ इंचावरच्या टीव्हींचा जीएसटी २८ वरून १८ टक्के झालाय, त्यामुळे जुन्या व्हिडिओतले भाव धरून बसू नका.

शोरूममध्ये सगळे टीव्ही व्हिविड मोडवर आणि डोक्यावर झगझगीत लाइट, तिथे मिनी एलईडी नेहमीच भारी दिसणार. फिल्ममेकर किंवा सिनेमा मोड लावायला सांगा आणि पेनड्राइव्हवर स्वतःची एखादी काळोख्या सीनची क्लिप घेऊन जा, बहुतेक जण लावू देतात. घरी आल्यावर इन्स्टॉलेशनवाला माणूस जायच्या आधी यूट्यूबवरून नुसता राखाडी आणि नुसता पांढरा स्क्रीन लावून बघा, डाग, पट्टे, मेलेला पिक्सेल काही दिसलं तर फोटो काढून त्याच वेळी कंप्लेंट नोंदवा, दोन आठवड्यांनी सांगितलं तर कोणी ऐकून घेत नाही.