भाताची भूक, रेशमाची भूक: ‘अशनी संकेत’ की ‘कांचीवरम’?

इंग्रजी अमदानीतलं गाव पडद्यावर बघायचंय आणि हाताशी एकच संध्याकाळ आहे, तर मी सत्यजित राय यांचा ‘अशनी संकेत’ लावेन. १९४३च्या दुष्काळातलं बंगालचं खेडं. १९७३ला बर्लिन चित्रपट महोत्सवात याला सुवर्ण अस्वल, म्हणजे तिथलं सर्वोच्च पारितोषिक, मिळालं. गंमत म्हणजे दुष्काळाचा सिनेमा, पण चौकट हिरवीगार. पीक करपलेलं नाही, नदी वाहतेय, डोक्यावरून लष्करी विमानं जातायत आणि बाजारातून तांदूळ मात्र गायब. दुष्काळ माणसांनी कसा आणला, हे रंगच सांगतात. (कृष्णधवलात हे जमलं नसतं.) गावचा पुरोहित-मास्तर गंगाचरण सुरुवातीला चांगलाच मतलबी आहे. सौमित्र चॅटर्जींनी त्याला हळूहळू माणसात आणलंय.

प्रियदर्शन यांच्या तमिळ ‘कांचीवरम’ला २००७चं सर्वोत्कृष्ट चित्रपटाचं राष्ट्रीय पारितोषिक, आणि प्रकाश राजना अभिनयाचं. आयुष्यभर रेशीम विणणाऱ्या विणकराला लेकीच्या लग्नात एक रेशमी साडी द्यायचीय, पण ती परवडत नाही. मग तो मालकाच्या मागावरचे धागे तोंडात लपवून घरी आणतो. ओठ घट्ट मिटून दारातून बाहेर पडणारा तो माणूस विसरता येत नाही. तरी सिनेमा अधूनमधून रडवायलाच बसतो. शेवट जबर आहे, पण तिथवरची पकड राय यांच्याइतकी घट्ट नाही.

घरात आजी-आजोबा सोबत असतील तर मात्र ‘कांचीवरम’च लावा, गोष्ट चटकन भिडते.