सीपीएलच्या पेपरांसाठी काय घ्यावं: ऑक्सफर्डचा संच, भारतीय पुस्तकं की क्वेश्चन बँक?

सीपीएल, म्हणजे व्यावसायिक वैमानिकाचा परवाना, काढायचा म्हणून मेडिकल झालं, डीजीसीएचा (नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाचा) कॉम्प्युटर नंबर, म्हणजे परीक्षेचा नोंदणी क्रमांक, हातात आला, की पुढचा प्रश्न पुस्तकांचा. सिनिअर सांगतात ऑक्सफर्ड घे, क्लासवाले म्हणतात आमच्या नोट्स बास झाल्या, आणि ग्रुपवर कुणीतरी क्वेश्चन बँकेची पीडीएफ टाकतं. मी हे सगळं वापरलं, त्यातलं काही दोनदा विकत घेतलं. त्यावरून एकच सांगेन: एकाच संचावर सगळे पेपर काढायला जाऊ नका. पेपर बघून पुस्तक घ्या. मेट (हवामानशास्त्र), नॅव्हिगेशन, रेग्युलेशन्स (हवाई नियम), टेक्निकल जनरल (विमानाची सर्वसाधारण तांत्रिक माहिती) आणि टेक्निकल स्पेसिफिक (आपण उडवणार त्या विमानाची माहिती) या प्रत्येकात ७० टक्के लागतात, आणि प्रत्येकाचं वळण वेगळं आहे.

ऑक्सफर्डचा संच मुळात युरोपातल्या एटीपीएल (एअरलाइन वैमानिकाचा परवाना) अभ्यासक्रमासाठी लिहिलेला आहे, हे आधी डोक्यात पक्कं हवं. त्याचा सगळ्यात जास्त उपयोग टेक्निकल जनरलला होतो. विंगवरची हवा, इंजिन, जायरो, प्रेशर इन्स्ट्रुमेंट्स हे सगळं त्यात मुळापासून येतं, आकृत्या भरपूर असतात. हे भौतिकशास्त्र जुनं होत नाही, त्यामुळे जुनी आवृत्ती सेकंडहँड मिळाली तर खुशाल घ्या. अडचण आकाराची आहे. बारा-तेरा जाडजूड पुस्तकं समोर ठेवली की कुठे थांबायचं तेच कळत नाही, म्हणून डीजीसीएचा अभ्यासक्रम शेजारी ठेवून लागणाऱ्या प्रकरणांवर आधी खुणा करा.

क्वेश्चन बँक याच्या बरोबर उलट. भराभर पुढे नेते, मार्क दिसतात, हुरूप येतो. माझा टेक जनरलचा पहिला प्रयत्न फक्त एका बँकेच्या जोरावर होता आणि ६४ वर अडकला. एक प्रश्न अजून आठवतो. स्टॅटिक पोर्ट (बाहेरच्या हवेचा दाब घेणारं छिद्र) बंद पडलं आणि विमान वर चढतंय, तर एअरस्पीड इंडिकेटर कमी वेग दाखवतो, हे मी पाठ केलं होतं. पेपरात विमान खाली उतरत होतं. मी सवयीने ‘कमी’वर खूण केली, उत्तर ‘जास्त’ होतं. पिटोच्या (समोरून येणारी हवा घेणाऱ्या नळीच्या) दाबातून स्टॅटिकचा दाब वजा होतो आणि उरतो तो वेग, एवढं समजलं असतं तर चढताना, उतरताना, पिटो बंद, स्टॅटिक बंद असे सगळे प्रकार त्या एका वजाबाकीतून सुटले असते. तेव्हापासून बँक मी शेवटच्या तीन आठवड्यांसाठीच ठेवली. तिथे तिला तोड नाही. चुकीच्या उत्तराला मार्क कापत नसल्यामुळे एकही प्रश्न रिकामा सोडायचा नाही, ही शिस्तही तिथेच लागते.

मेटमध्ये मात्र माझा कौल सरळ भारतीय पुस्तकाला, आणि आय. सी. जोशींचं पुस्तक बहुतेकांच्या टेबलावर असतं ते उगीच नाही. युरोपियन पुस्तकाचा जीव पोलर फ्रंटमध्ये, म्हणजे ध्रुवाकडची थंड हवा उष्ण हवेला भिडते त्या सीमेत, असतो. आपल्याला विचारतात हिवाळ्यातले वेस्टर्न डिस्टर्बन्स, उत्तरेतलं धुकं, मार्च ते मे बंगाल-झारखंडकडची कालबैसाखी ही गडगडाटी वादळं, बंगालच्या उपसागरातली चक्रीवादळं. पावसाळ्यात दक्षिण भारतावर पूर्वेकडून वाहणारा जेट (खूप उंचावरचा वेगवान वारा) असतो, तर हिवाळ्यात उत्तर भारतावर पश्चिमेकडून वाहणारा. या दोघांचे अक्षांश, महिने आणि दिशा यांचा गोंधळ झाला की मार्क गेलेच. मराठी माध्यमातून आलेल्यांनी इथे बिचकू नये. नैऋत्य मोसमी वारे आणि परतीचा पाऊस शाळेच्या भूगोलातच झालेला असतो. फक्त इंग्रजी शब्द त्यावर बसवायचे. हवा तयार कशी होते, ढग, स्थिरता, आयसिंग (विमानावर बर्फ जमणं) एवढ्यापुरतं ऑक्सफर्ड जरूर वाचा. शिवाय रोज मुंबई, पुणे, नागपूरचे मेटार (विमानतळावरच्या हवामानाचे सांकेतिक अहवाल) उघडून वाचायचे. ते फुकट मिळतात, आणि जुलैतल्या मुंबईचा मेटार ढगांचं निम्मं प्रकरण शिकवून जातो.

रेग्युलेशन्सला ऑक्सफर्डचा एअर लॉ घेऊ नका. त्यातला आयकाओचा (आंतरराष्ट्रीय नागरी विमान वाहतूक संघटनेचा) भाग खरा आहे, पण पेपर भारतीय नियमांचा आहे. आर. के. बालींचं पुस्तक परीक्षेच्या अंगाने आटोपशीर लिहिलेलं आहे, ते घ्या. मात्र आवृत्ती बघून. एअरक्राफ्ट अ‍ॅक्ट १९३४ ची जागा १ जानेवारी २०२५ पासून भारतीय वायुयान अधिनियम २०२४ ने घेतली आहे. हातातलं पुस्तक किंवा नोट्स अजून १९३४ चाच कायदा लागू आहे असं सांगत असतील, तर पुढची पानंही तेवढीच शिळी असणार. सेकंडहँडचा मोह या एका विषयात आवरा. शंका आली की डीजीसीएच्या साइटवरचे सीएआर (डीजीसीएचे तपशीलवार नियम) आणि विमानतळ प्राधिकरणाचं एआयपी (हवाई माहितीचं अधिकृत प्रकाशन) उघडा, दोन्हींना पैसे पडत नाहीत.

नॅव्हिगेशनला दोन्ही लागतात. ग्रेट सर्कल (पृथ्वीवरचा सगळ्यात जवळचा मार्ग) ध्रुवाकडे का झुकतं, कन्व्हर्जन्सीच्या (दोन रेखावृत्तं एकमेकांकडे झुकतात त्या कोनाच्या) निम्मा कन्व्हर्जन अँगल का, हे ऑक्सफर्ड चित्र काढून समजावतं. पण पेपरात वेळ गणितं खातात, आणि ती फक्त हाताने सुटतात. सीआर-३ सारखा फ्लाइट कॉम्प्युटर (हाताने फिरवायची गणनचकती) पहिल्याच आठवड्यात घ्या आणि वाऱ्याच्या त्रिकोणाची गणितं रोज फिरवा.

ग्राउंड क्लास लावायचा का, हे तुमच्या दिवसावर ठरतं. दिल्लीत द्वारकेला जाऊन राहणारी आपली मुलं बरीच आहेत. दिवसभर अभ्यासाचं वातावरण आणि नॅव्हची गणितं समोर बसून तपासून घेणारा माणूस, या दोन गोष्टींना पुस्तक पर्याय देत नाही. नोकरी सांभाळून करणाऱ्याने नॅव्ह आणि मेटपुरता ऑनलाइन क्लास लावला आणि बाकी स्वतः केलं तरी चालतं. फी भरण्याआधी रेग्युलेशन्सच्या नोट्स मागून वर सांगितलेला कायदा तपासा, क्लास किती जागा आहे ते तिथेच कळतं.

टेक्निकल स्पेसिफिकसाठी बाजारातलं काहीच घेऊ नका. तुम्ही जे विमान उडवणार त्याचंच हँडबुक फ्लाइंग क्लबकडून मागून घ्या, आणि मॉडेलचं अक्षर बघा. सेसना १७२ ‘पी’ला कार्बोरेटर आहे, ‘आर’ आणि ‘एस’ला फ्युएल इंजेक्शन. दुसऱ्याच्या नोट्समधून कार्बोरेटर हीट (कार्बोरेटरमध्ये बर्फ जमू नये म्हणून गरम हवा देणारी कळ) पाठ करून बसलात आणि तुमच्या विमानात ती कळच नसली, तर पेपरात आणि कॉकपिटात दोन्हीकडे अडाल.