ठाण्यातला वीकेंडचा साऊंड कोर्स, सहा महिने करून आले

ऐरोलीवरून दर शनिवार-रविवार लोकलने ठाण्याला जाऊन ऑडिओ पोस्टचा, म्हणजे शूटनंतर सिनेमा-सिरीयलच्या आवाजावर करायच्या कामाचा, कोर्स केला. इन्स्टिट्यूटचं नाव मुद्दाम लिहीत नाहीये कारण तक्रार पण आहे, पण असा कोर्स शोधत असाल तर वाचा.

सगळ्यात भारी म्हणजे डायलॉग एडिटिंगचे सर. पहिल्याच आठवड्यात किचनचा सीन दिला, आई-मुलीचं बोलणं आणि मधेच बाहेर टेम्पोचा हॉर्न. मी दोन वाक्यांमधला हॉर्न म्यूट केला आणि खूश. सरांनी तेवढाच तुकडा मला तीनदा ऐकवला. हॉर्नसोबत मागची फ्रिजची घरघर पण गेलेली, अर्धा सेकंद अख्खं घरच गायब! मग त्याच टेकमधला रूम टोन, म्हणजे कोणी बोलत नसतानाचा त्या खोलीचा आवाज, शोधून तिथे भरायचा, दोन्हीकडे क्रॉसफेड द्यायचा (एक आवाज हळूहळू कमी, दुसरा वाढता), हे हाताने करून शिकले. शूटवर रूम टोनसाठी अख्खं युनिट गप्प का उभं करतात ते तेव्हा कळलं, आता सिरीयल बघताना पण अशी भोकं लगेच ऐकू येतात.

फोलीच्या (पडद्यावरच्या हालचालींचे आवाज स्टुडिओत करून रेकॉर्ड करणं) मॅडम शहाबादी फरशीवर कोल्हापुरी घालून पडद्यावरच्या बाईच्या पावलाला पाऊल मिळवायच्या, साडीची सळसळ नंतर वेगळ्या ट्रॅकवर, बघतच राहावं असं काम.

बेसिक पण पक्कं करून घेतात. आवाजाचं रेकॉर्डिंग 48 किलोहर्ट्झ, 24 बिट, सिनेमा सेकंदाला 24 फ्रेम आणि आपला टीव्ही 25, आणि 24 चा एक तासाचा सिनेमा 25 ने चालवला तर 57 मिनिटं 36 सेकंदांतच संपतो, म्हणजे आवाज तसाच ठेवला तर ओठ कुठे आणि शब्द कुठे. रेडिओ मात्र एकाच दिवसात उरकला. स्टिरिओच्या एका चॅनलची फेज उलटी (आवाजाची लाट उलटी) असेल तर मोनोत, म्हणजे दोन्ही चॅनल एकत्र केल्यावर, मधला आवाज गायबच होतो हे दाखवलं, पण प्रॅक्टिस नाही.

आता तक्रार. माहितीपत्रकात 5.1 ची (भोवती पाच स्पीकर आणि एक सबवूफर) मिक्स रूम मोठ्ठी छापलीये, सहा महिन्यांत आत बसायला मिळालं दोनदा. विचारलं की "पुढच्या आठवड्यात". बाकी सगळं हेडफोनवर, चौदा जणांत सहा मशीन. समोरच्या सेंटर स्पीकरमधून डायलॉग आणि पाठीमागून पाऊस, हे साध्या हेडफोनवर कसं कळणार? फी भरून मुलं येतात हो, खूप वाईट वाटलं.

त्यामुळे फी एकदम भरू नका, आधी मिक्स रूममध्ये जाऊन बसा आणि किती तास मिळणार ते लेखी घ्या. आणि डायलॉगचे सर फक्त सकाळच्या बॅचला असतात, तीच मागा.